लिंगभेद आणि लोकसमूहभेद : जैविक तुलनेमागील तर्काची चिकित्सा

सारांश

मानवाच्या जैविक भिन्नतेविषयीच्या लेखनात स्त्री-पुरुषांमधील भेद आणि लोकसमूहांमधील भेद एकाच मोजपट्टीवर मांडून त्यांपैकी 'मोठा' कोणता, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रस्तुत लेखात या तुलनेची चिकित्सा केली आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांची १९७२ मधील मांडणी, तिच्यावर ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये घेतलेला आक्षेप आणि मेंदूच्या लिंगभेदाविषयी २०१५ नंतर झालेला वाद यांचा एकत्रित विचार करून असे दाखविले आहे की, हे दोन भेद परिमाणाने नव्हे तर प्रकारानेच वेगळे आहेत. वैद्यकातील आणि भारतीय जातिव्यवस्थेच्या अभ्यासातील उदाहरणांवरून या फरकाचे व्यावहारिक महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : लिंगभेद, लोकसमूह, वंशसंकल्पना, जनुकीय विविधता, अंतर्विवाह.

१. प्रस्तावना

या विषयावरील चर्चेत दोन विधाने नेहमी आढळतात. पहिले असे की, मानवी जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच असतो; म्हणून वंश या संकल्पनेला जैविक आधार नाही. दुसरे असे की, स्त्री आणि पुरुष यांच्यातील जैविक अंतर कोणत्याही दोन लोकसमूहांमधील अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे. म्हणून वंशभेद नाकारणाऱ्याने लिंगभेद मात्र मान्य केलाच पाहिजे. क्वचित याच्या उलट युक्तिवादही केला जातो. ज्या तर्काने वंश नाकारला, त्याच तर्काने लिंगभेदही नाकारता येतो, असे त्याचे स्वरूप असते. या सर्व विधानांत एक गृहीतक समान आहे. ते म्हणजे, दोन्ही भेद एकाच राशीचे असून त्यांची वजाबाकी करता येते. हे गृहीतक कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पंच्याऐंशी टक्क्यांचा अर्थ

लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट व रक्तातील प्रथिने यांच्याशी संबंधित १७ जनुकांची उपलब्ध माहिती घेऊन विविधतेची विभागणी केली. तीत ८५.४ टक्के विविधता लोकसमूहांच्या आत, ८.३ टक्के एकाच 'वंशा'तील लोकसमूहांमध्ये आणि केवळ ६.३ टक्के 'वंशां'मध्ये आढळली. पुढे २००२ मध्ये नोआ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ५२ लोकसमूहांतील १०५६ व्यक्तींची ३७७ ठिकाणी तपासणी केली, तेव्हा समूहांतर्गत वाटा ९३ ते ९५ टक्के निघाला. पद्धती बदलल्या, साधने सुधारली, तरी मूळ निष्कर्ष कायम राहिला.

या आकड्यात काय मोजले आहे, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. एखाद्या जनुकाची पर्यायी रूपे वेगवेगळ्या लोकसमूहांत किती प्रमाणात आढळतात, त्या प्रमाणांतील तफावत येथे मोजलेली आहे. बहुतेक रूपे सर्वत्र आढळतात, फक्त त्यांची वारंवारिता कमी-अधिक असते. म्हणजेच लोकसमूहभेद हा प्रामुख्याने वारंवारितेचा भेद आहे.

३. लिंगभेदाला हीच मोजपट्टी लावल्यास

आता हीच पद्धती स्त्रिया आणि पुरुष हे दोन 'समूह' मानून वापरली तर काय होईल? मानवी पेशीतील गुणसूत्रांच्या २३ जोड्यांपैकी २२ जोड्यांचा लिंगनिश्चितीशी थेट संबंध नाही. या जोड्यांतील गुणसूत्रे मुलाला आणि मुलीला त्याच आईवडिलांकडून, त्याच संभाव्यतेने मिळतात. त्यामुळे त्यांवरील जनुकांच्या पर्यायी रूपांची वारंवारिता स्त्री-पुरुषांत जवळजवळ सारखीच राहते. लेवॉन्टिन यांच्या पद्धतीने या २२ जोड्यांपुरता हिशेब केल्यास लिंगभेदाचा वाटा शून्याच्या जवळ येईल.

याउलट वाय गुणसूत्राची लांबी मोजली तर चित्र पालटते. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या वाचनानुसार वाय गुणसूत्रात सुमारे ६ कोटी २० लाख आधार-जोड्या आहेत. सुमारे ३ अब्ज आधार-जोड्यांच्या जनुकसंचाशी हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास जाते. कोणत्याही दोन व्यक्तींतील सर्वसाधारण अंतर ०.१ टक्का धरले, तर 'स्त्री-पुरुषांतील अंतर वीसपट' असे विधान सहज करता येते.

एकाच प्रश्नाला एका पद्धतीने शून्य आणि दुसऱ्या पद्धतीने वीसपट असे उत्तर येत असेल, तर दोष उत्तरात नसून प्रश्नात आहे. लांबीचा हिशेब तर विशेष फसवा आहे. वाय गुणसूत्राचा निम्म्याहून अधिक भाग पुनरावृत्त अनुक्रमांनी भरलेला आहे आणि त्यावरील प्रथिननिर्मितीची जनुके शंभराहून थोडीच अधिक आहेत. दुसरीकडे, १९९० मध्ये शोधलेले एसआरवाय हे एकच जनुक गर्भातील वृषणनिर्मितीला चालना देते आणि पुढे संप्रेरकांच्या द्वारे संपूर्ण जनुकसंचाच्या कार्यावर प्रभाव पाडते. या जनुकाचे स्थलांतर झाल्यास एक्स-एक्स गुणसूत्रे असलेली व्यक्ती पुरुषदेही होऊ शकते; ते निष्क्रिय असल्यास एक्स-वाय व्यक्ती स्त्रीदेही होऊ शकते. अनुक्रमाची लांबी आणि परिणामाची व्याप्ती यांचे येथे कोणतेही सरळ प्रमाण नाही.

यातून महत्त्वाचा फरक हाती येतो. लिंगभेद हा बहुतांशी समान जनुकसंचाच्या दोन विकासमार्गांचा भेद आहे आणि तो प्रत्येक गर्भधारणेत नव्याने घडतो. लोकसमूहभेद हा विवाहसंबंध, स्थलांतर आणि परिसर यांचा साचलेला इतिहास आहे. दोन लोकसमूहांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्त विवाह झाले, तर त्यांच्यातील जनुकीय सीमा पुसट होते. लिंगभेदाला मात्र विवाहाने बाध येत नाही, उलट विवाहातूनच तो पुन्हा निर्माण होतो.

४. एडवर्ड्स यांचा आक्षेप आणि त्याची मर्यादा

सांख्यिकीतज्ज्ञ एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये लेवॉन्टिन यांच्या निष्कर्षातील एक उणीव दाखवून दिली. एक साधे उदाहरण घेता येईल. दोन लोकसमूहांपैकी एकात जनुकाच्या एका रूपाची वारंवारिता ३० टक्के आणि दुसऱ्यात ७० टक्के आहे, असे समजू. या ठिकाणच्या विविधतेपैकी ८४ टक्के समूहांतर्गत असेल आणि केवळ या एका खुणेवरून व्यक्तीचा समूह ओळखू गेल्यास शंभरात तीस वेळा चूक होईल. परंतु अशा वीस स्वतंत्र खुणा एकत्र घेतल्यास चुकांचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास येते. ८४ टक्क्यांचा आकडा प्रत्येक ठिकाणी तसाच राहतो, तरीही वर्गीकरण शक्य होते. म्हणून '८५ टक्के विविधता समूहाच्या आत आहे, सबब वर्गीकरण अशक्य आहे' हे अनुमान टिकत नाही.

हाच वाद बारा वर्षांनी वेगळ्या क्षेत्रात पुन्हा घडला, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १४०० हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासून असे मांडले की, बहुतेक मेंदू 'पुरुषी' व 'स्त्रैण' वैशिष्ट्यांचे मिश्रण असतात. पूर्णपणे एकाच बाजूचे मेंदू विरळा आढळतात. यावर २०१६ मध्ये टीकाकारांनी असे दाखविले की, अनेक मापे एकत्र घेतल्यास बहुतेक मेंदूंवरून व्यक्तीचे लिंग ओळखता येते. जोएल यांची भूमिका लेवॉन्टिन यांच्याशी, तर टीकाकारांची एडवर्ड्स यांच्याशी तर्कदृष्ट्या समांतर आहे. तरीही अनेक लेखक एका वादात जो तर्क स्वीकारतात, तोच दुसऱ्या वादात सोयीनुसार नाकारतात.

वस्तुतः दोन्ही वादांत दोन्ही पक्ष बरोबर आहेत, कारण ते भिन्न प्रश्नांची उत्तरे देत आहेत. 'व्यक्ती कोणत्या समूहातील आहे हे ओळखता येते का?' हा एक प्रश्न, आणि 'समूह माहीत असल्यास व्यक्तीविषयी किती सांगता येते?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' असूनही दुसऱ्याचे 'फारच थोडे' असू शकते. शिवाय मेंदूवरून लिंग ओळखण्यातील यशाचा मोठा वाटा मेंदूच्या एकूण आकारमानाचा आहे, तो वगळल्यास अचूकता घटते. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मेटा-विश्लेषणांचा आढावा घेतला, तेव्हा मानसिक लिंगभेदांपैकी ७८ टक्के अल्प किंवा नगण्य आढळले. चेंडू फेकण्याचा वेग यांसारख्या मोजक्या बाबींत मात्र भेद मोठे होते. 'लिंगभेद मोठा आहे' हे सरसकट विधानही म्हणूनच अपुरे ठरते. कोणत्या गुणाबाबत, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ प्राप्त होत नाही.

५. उंचीचे उदाहरण : अंतराचा आकार आणि अंतराचे कारण

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०० देशांच्या अभ्यासानुसार, १९९६ मध्ये जन्मलेल्यांपैकी नेदरलँड्समधील पुरुषांची सरासरी उंची सुमारे १८२.५ सेंटिमीटर, तर पूर्व तिमोरमधील पुरुषांची सुमारे १६० सेंटिमीटर होती. लाटव्हियातील स्त्रियांची सरासरी सुमारे १७० सेंटिमीटर होती, म्हणजे पूर्व तिमोरमधील पुरुषांपेक्षा अधिक. एकाच देशातील स्त्री-पुरुषांच्या सरासरीतील अंतर मात्र साधारण ११ ते १२ सेंटिमीटरचे असते. येथे लोकसमूहभेद लिंगभेदापेक्षा स्पष्टपणे मोठा आहे.

परंतु त्याच अभ्यासानुसार दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची १८९६ ते १९९६ या शंभर वर्षांतील जन्मवर्षांत २० सेंटिमीटरहून अधिक वाढली. इतक्या अल्प काळात लोकसमूहाचा जनुकसंच इतका बदलत नाही. बदलला तो आहार, आरोग्य आणि राहणीमान. म्हणजे लोकसमूहांमधील अंतर आकाराने मोठे असूनही त्यातील बराच भाग परिस्थितिजन्य व बदलता असू शकतो, तर लिंगभेद आकाराने लहान असूनही सर्व देशांत त्याच दिशेने टिकून राहतो. अंतराच्या आकारावरून त्याचे कारण ठरविता येत नाही, हा या उदाहरणाचा बोध आहे.

६. वैद्यकातील कसोटी

रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याचे २००९ मधील एक सूत्र जगभर वापरले गेले. त्यात वय व लिंगासोबत रुग्ण 'कृष्णवर्णीय' असल्यास येणारे उत्तर १.१५९ ने गुणले जाई. परिणामी अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांचे मूत्रपिंड कागदावर सुमारे १६ टक्के अधिक सक्षम दिसे आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत त्यांचा क्रम लांबत असे. २०२१ मध्ये सुधारलेल्या सूत्रातून वंशाचा घटक वगळण्यात आला, लिंगाचा मात्र ठेवण्यात आला. २०२३ पासून अशा रुग्णांचा प्रतीक्षाकाळ दुरुस्त करण्याची प्रक्रियाही तेथे सुरू झाली.

हा निर्णय विसंगत आहे, असा आक्षेप घेता येईल. क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते आणि लिंग व वंश हे दोन्ही घटक सूत्रात स्नायूंच्या वस्तुमानाऐवजी येतात. तथापि लिंगाच्या बाबतीत संप्रेरकांपासून स्नायूंपर्यंतची कारणसाखळी ज्ञात आहे आणि ती सर्व लोकसमूहांत एकाच दिशेने कार्य करते. 'कृष्णवर्णीय' ही नोंद मात्र रुग्णाच्या सामाजिक ओळखीची आहे. तिच्यात अत्यंत भिन्न पूर्वजपरंपरा एकत्र येतात आणि तिच्यामागे तशी कारणसाखळी सिद्ध झालेली नव्हती. अर्थात लिंगाचा घटकही अंतिम नव्हे. बलदंड स्त्री व कृश पुरुष यांच्याबाबत तोही चुकतो. म्हणूनच स्नायूंवर कमी अवलंबून असलेल्या सिस्टॅटिन-सी या घटकाच्या मापनाचा आग्रह धरला जात आहे. योग्य दिशा हीच की, कारण प्रत्यक्ष मोजता आल्यावर त्याच्या प्रतिनिधीची गरज उरू नये.

दोन्ही भेद एकमेकांत कसे मिसळतात, हे जी-६-पीडी या विकराच्या कमतरतेवरून दिसते. ही कमतरता एक्स गुणसूत्रावरील जनुकामुळे येते आणि तिची वारंवारिता हिवतापाच्या इतिहासानुसार लोकसमूहांत बदलते. मुंबईतील पारशी समाजातील तिचे अस्तित्व १९६३ मधील अभ्यासात नोंदले गेले. सदोष रूपाची वारंवारिता १० टक्के असलेल्या समूहात १० टक्के पुरुष बाधित असतील, तर दोन्ही प्रती सदोष असलेल्या स्त्रिया केवळ १ टक्का असतील. हिवतापावरील प्रायमाक्विन हे औषध देताना वैद्याला दोन्ही बाबींचे भान ठेवावे लागते. यांपैकी 'मोठा भेद कोणता' हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो.

७. भारतीय संदर्भ : जात आणि शरीरमापन

भारतात हा प्रश्न जातीच्या रूपाने आला. हर्बर्ट रिस्ले यांनी नासिकामापनावरून जातींची उतरंड वांशिक असल्याचे प्रतिपादन केले. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मधील ग्रंथात त्या मापांची फेरतपासणी केली, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाविषयी लिहिताना अशाच मापांच्या आधारे वांशिक उपपत्ती नाकारली. इरावती कर्वे यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील शरीरमापनाचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच नावाखाली येणाऱ्या जाती वेगळ्या मूळगटांच्या असू शकतात, हा कर्वे यांचा महत्त्वाचा विचार होता. जातीचे नाव आणि जैविक समूह एकच मानता येत नाहीत, हे त्यातून सूचित होते.

२०१३ मधील जनुकीय संशोधनाने या चर्चेला नवे परिमाण दिले. भारतातील प्राचीन लोकसमूहांचा व्यापक संकर सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाला आणि त्यानंतर अंतर्विवाहाची बंधने दृढ झाली, असे त्यातून पुढे आले. जातीजातींत आज जे जनुकीय भेद आढळतात, त्यांचा मोठा भाग या बंधनांनी घडविला आहे. म्हणजे जीवशास्त्राने जात निर्माण केली नाही, जातीने आपल्या खुणा जीवशास्त्रावर उमटविल्या. त्या खुणा खऱ्या आहेत. काही आनुवंशिक आजारांच्या निदानासाठी उपयुक्तही आहेत. परंतु त्यांतून श्रेष्ठ-कनिष्ठता निघत नाही. जातीची ही सीमा प्रामुख्याने स्त्रीच्या विवाहावरील नियंत्रणाने राखली गेली, हे लक्षात घेतले तर लिंग आणि लोकसमूह यांची खरी गाठ जनुकांत नसून समाजव्यवस्थेत पडते, हे स्पष्ट होते.

८. निष्कर्ष

लिंगभेद आणि लोकसमूहभेद यांची एका आकड्यात केलेली तुलना शास्त्रीय नाही. पहिला विकासमार्गाचा व दुसरा वारंवारितेचा भेद आहे. वर्गीकरण शक्य असणे म्हणजे व्यक्तीविषयीचे भाकीत शक्य असणे नव्हे आणि अंतर मोठे असणे म्हणजे ते जन्मजात असणे नव्हे. म्हणून लोकसमूहभेद अल्प आहे म्हणून समता, आणि लिंगभेद मोठा आहे म्हणून विषमता, ही दोन्ही अनुमाने सारखीच सदोष आहेत. समतेचा आधार टक्केवारीवर ठेवला, तर नवीन मापन येताच तो डळमळेल. महाविद्यालयीन अध्यापनात '८५ टक्के' हा आकडा सांगताना तो कशाचा आहे आणि कशाचा नाही, हेही सांगितले जाणे त्यामुळेच आवश्यक ठरते.