क्रियाप्रधान व्हिडिओ गेममधील करुण रस : ‘राजी’च्या संदर्भात

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा, तर उत्साह हा वीर रसाचा स्थायीभाव मानला आहे. लढाई हाच गाभा असलेल्या व्हिडिओ गेममध्ये उत्साहापुढे शोक टिकतो काय, हा प्रश्न पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) या गेमच्या आधारे तपासता येतो.

राजीचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात. ही कथा छायाबाहुल्यांच्या शैलीतील प्रसंगांतून आणि दुर्गा व विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते. हे प्रसंग देखणे आहेत. परंतु त्या वेळी खेळणारा केवळ प्रेक्षक असतो. दुर्गेचा त्रिशूळ हाती येताच शोकाचे शोधात रूपांतर होते. विप्रलंभ शृंगार सापेक्ष, तर करुण निरपेक्ष, म्हणजे आशा संपलेला, असा भेद भरताने केला आहे. येथे भाऊ सापडण्याची आशा हीच खेळाची प्रेरणा आहे. शिवाय नायिका मेली तरी डाव पुन्हा सुरू होतो.

‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ (२००५) या जपानी गेममध्येही मृत तरुणीला जिवंत करण्याची आशाच नायकाला पुढे नेते. मात्र त्यासाठी १६ महाकाय जीव खेळणाऱ्यालाच मारावे लागतात आणि प्रत्येक विजयानंतर शोकसंगीत ऐकू येते. तेथे विजय हीच हानी ठरते.

सारांश, ‘राजी’तील शोक खोटा नाही, तो वीर रसाचा पोषक म्हणून राहतो. खेळणाऱ्याच्या हातून भरून न येणारी हानी घडते, तेथे मात्र करुण रसाची निष्पत्ती होते, असे या दोन कृतींवरून म्हणता येईल.