ढगातले खोत

माझी आत्या रत्नागिरीजवळच्या एका गावात राहते. आंबापोळी, कोकम आगळ, फणसाचे तळलेले गरे असं घरी करून विकते. चार वर्षं तिचा माल एका मोठ्या शॉपिंग ॲपवर होता. फोटो मी काढायचे, वर्णनं मी लिहायचे, पार्सलं ती भरायची. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी खातं बंद झालं. मेलमध्ये एकच ओळ होती: नियमांचा भंग. कोणत्या नियमाचा, ते लिहिलेलं नव्हतं. फोन करायला नंबर नव्हता आणि चॅटवर उत्तर देणारं माणूस नव्हतं. शेवटी आतेभावाच्या नावाने नवं खातं उघडलं. जुने चारशेच्या वर रिव्ह्यू गेले. नेहमीची गिऱ्हाइकंही गेली, कारण त्यांचे नंबर आमच्याकडे कधी नव्हतेच.

आत्या चिडली नाही. म्हणाली, “अगं, आमच्या आजोबांचं हेच. कसायचे ते, आणि कागदावर नाव खोताचं.”

त्याच दिवसांत मी यानिस वारूफाकिस यांचं ‘टेक्नोफ्युडॅलिझम’ वाचत होते, म्हणून ते वाक्य डोक्यात अडकून बसलं. २०२३ साली आलेलं हे पुस्तक तेव्हापासून बरंच गाजतं आहे. इन्स्टावर त्याचं सार सांगणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. रीलमध्ये मावतं तेवढंच त्यात आहे का, आणि आत्याच्या प्रश्नाला त्यात उत्तर सापडतं का, हे मला पाहायचं होतं.

लेखक ग्रीक अर्थतज्ज्ञ. ग्रीसचं कर्जसंकट ऐन भरात होतं तेव्हा, २०१५ मध्ये, काही महिने तिथले अर्थमंत्री. त्याआधी त्यांनी व्हॉल्व्ह या व्हिडिओ गेम कंपनीसाठीही काम केलं होतं. पुस्तक वडिलांना लिहिलेल्या पत्रासारखं आहे. १९९३ मध्ये घरी इंटरनेट जोडून दिलं, तेव्हा पोलाद कारखान्यात आयुष्य घालवलेल्या वडिलांनी विचारलं होतं: ही एकमेकांशी बोलणारी यंत्रं भांडवलशाहीला कायमची बळकट करतील, की तिचं दुखरं ठिकाण उघडं पाडतील? तीस वर्षांनी मुलगा उत्तर देतो: भांडवलशाही मेली, पण तिच्या जागी आलं ते तिच्यापेक्षा वाईट आहे.

त्यांचा युक्तिवाद असा. नफा म्हणजे काहीतरी बनवून विकल्यावर हातात उरतं ते. खंड म्हणजे जागा माझी आहे, एवढ्याच कारणासाठी तू मला देतोस ते. भांडवलशाहीत नफा मालक झाला आणि खंड मागे पडला. आता खंड परत आला आहे, फक्त जमिनीच्या जागी क्लाउड आहे. ॲपलच्या ॲप स्टोअरवर काही विकलं की कंपनी साधारण ३० टक्के कापून घेते, छोट्या डेव्हलपरकडून १५. ॲप बनवणारा कष्ट करतो आणि वेशीवर बसलेला वाटा घेतो. तुम्ही-आम्ही तर फुकट राबतो. आपण टाकलेला प्रत्येक फोटो आणि रिव्ह्यू त्या जागेची किंमत वाढवतो. अशा लोकांना वारूफाकिस ‘क्लाउड सर्फ’, म्हणजे क्लाउडचे भूदास म्हणतात. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात.

हे सगळं ते फार छान सांगतात. अर्थशास्त्राचा एकही वर्ग न केलेल्या माणसाला ॲमेझॉन हा बाजार का नाही, ते चार पानांत कळतं. बाजारात दोन माणसं एकाच दुकानासमोर उभी असतील तर दोघांनाही तेच दिसतं. इथे प्रत्येकाला काय दिसावं, ते एकच अल्गोरिदम ठरवतो.

पण ही सरंजामशाही आहे का? एव्हगेनी मोरोझोव्ह यांनी २०२२ मध्येच, म्हणजे हे पुस्तक येण्याआधी, ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’त या संकल्पनेवर मोठा टीकालेख लिहिला. टेक कंपन्या प्रचंड गुंतवणूक करतात, एकमेकींशी स्पर्धा करतात, ही भांडवलशाहीच आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते बऱ्याच अंशी पटतं. आमच्या खोताने शेतासाठी काही केल्याचं घरात कुणी सांगितलेलं नाही. ॲपने आत्याची आंबापोळी बंगळुरूला पोचवली. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणणं आत्याच्याच अनुभवाशी बेइमानी ठरेल.

तरीही व्यवस्थेला नाव कोणतं द्यायचं, यापेक्षा मला पुस्तकातली दुसरी उणीव जास्त खटकली. वारूफाकिस यांच्या डोळ्यांसमोर युरोपातला सरंजामदार आहे: किल्ला, उमराव, भूदास. ते चित्र भव्य आहे, पण त्यात कागद नाही. कोकणातल्या माणसाला खोती आठवते ती कागदासकट. खोत सरकारच्या वतीने सारा गोळा करायचा आणि कुळाकडून पिकाचा मोठा वाटा घ्यायचा. त्याची खरी ताकद दप्तरात होती. कोण किती वर्षं कसतोय, किती भात घातलं, काय बाकी आहे, हे त्याच्याकडे लिहिलेलं. कुळाकडे फक्त आठवण.

म्हणून खोतीविरुद्धची लढाई शेवटी नोंदीवर आली. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी संप केला आणि काही वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. १९४८ मध्ये कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पण ज्यांचं नाव पीकपाहणीत लागलेलंच नव्हतं, त्यांना आपण कूळ आहोत हे सिद्ध करत बसावं लागलं. कायदा होता, पण नोंद नव्हती.

आत्याचं नेमकं हेच झालं. कमिशन ती देतच होती, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिने गमावलं ते चार वर्षांची नोंद. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचं रेटिंग, कॅबवाल्याच्या हजारो फेऱ्या, यूट्यूबरचे सबस्क्रायबर, सगळ्यांची गत तीच. दुसरीकडे जायला कुणी अडवत नाही, पण जाताना हात रिकामे असतात. उद्याच्या इंटरनेटवर कोण श्रीमंत आणि कोण लाचार, हे ठरवणारी गोष्ट ही आहे. वारूफाकिस टक्केवारीवर जेवढा वेळ देतात, त्याच्या निम्मा वेळ जरी या प्रश्नाला मिळाला असता, तर पुस्तक माझ्या जास्त कामाचं झालं असतं.

उपायांचा भाग सर्वांत कच्चा आहे. कामगारांचा संप आणि ग्राहकांचा बहिष्कार एकाच दिवशी, जगभर, अशी त्यांची एक कल्पना आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण चरीच्या लोकांनी एक दिवस नाही, कित्येक हंगाम सोसले, आणि त्यानंतरही कायदा यायला दशक लागलं. शिवाय एक दिवस ऑर्डर थांबल्या तर पहिला फटका आत्यालाच बसणार. त्या दिवशी तिच्या घरी चूल कशी पेटेल, यावर पुस्तक गप्प आहे.

पुस्तकाची नजर मुख्यतः अमेरिका, चीन आणि युरोपवर आहे. त्यामुळे आपल्याकडचे प्रयोग त्यात येत नाहीत, आणि ते शिकण्यासारखे आहेत. यूपीआयच घ्या. २०१६ मध्ये आलेली ही व्यवस्था कुठल्या एका ॲपच्या मालकीची नाही. आत्याने पैसे घ्यायचं ॲप बदललं तरी बँक खातं तिचंच राहतं आणि गिऱ्हाईक कोणत्याही ॲपवरून पैसे देऊ शकतं. अर्थात, रस्ता सगळ्यांचा असला तरी गर्दी दोघांकडेच आहे. बहुतेक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांवरूनच होतात. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त वाटा नको, हा नियम एनपीसीआयने २०२० मध्ये जाहीर केला. त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत २०२६च्या अखेरीपर्यंत गेली. मक्तेदारी यूपीआयने संपवली नाही, पण ॲप सोडून जाणं स्वस्त केलं.

तोच न्याय आपल्या माहितीला का लागू नाही? २०१९च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये प्रत्यक्ष कायदा झाला, त्यात तो उरला नाही. युरोपात हा हक्क २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडे यावर किती रील्स निघाले?

कामगारांच्या बाबतीत मात्र एक वाट दिसते, आणि ती महाराष्ट्रातून सुरू होते. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंद व्यापाऱ्याकडे न ठेवता मंडळाकडे ठेवली. मालक बदलला तरी हमालाची ओळख टिकली. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, त्यातही नोंदणी मंडळाकडे आणि सगळ्या ॲपना चालेल असा एकच क्रमांक आहे. रेटिंगचा प्रश्न त्याने सुटत नाही. पण दप्तर खोताच्या घरातून बाहेर काढण्याची ती सुरुवात आहे.

मग पुस्तक वाचावं का? वाचावं. राग कुणावर धरायचा ते त्यातून कळतं. पुढे काय मागायचं, ते मात्र आपल्याच दप्तरांत शोधावं लागेल.

नव्या खात्यावर आत्याचे आता एकवीस रिव्ह्यू झालेत. प्रत्येक पार्सलमध्ये ती एक चिठ्ठी घालते, स्वतःच्या नंबरची. ॲपच्या नियमात ते बसत नाही, मी सांगून पाहिलं. ज्यांचा फोन येतो त्यांची नावं ती आजोबांसारखी नुसती लक्षात ठेवत नाही. दोनशे पानी वही आणली आहे, त्यात लिहून ठेवते.