भूकंपाचा धडा आणि किल्लारीची अडचण

भूकंपावरचा शालेय धडा बहुधा एकाच साच्यातून निघालेला असतो. आधी व्याख्या, मग पृथ्वीच्या पोटातील थरांची आकृती, मग भूपट्टांचा नकाशा आणि शेवटी 'भूकंप झाल्यास काय करावे'. यात चुकीचे असे फारसे काही नसते. आमची तक्रार वेगळी आहे. नवीन जालन्यातल्या एखाद्या मुलीने हा धडा मन लावून वाचला, तर भूकंप जपानात होतात, हिमालयात होतात, आपल्याकडे नाहीत, असाच निष्कर्ष ती काढील. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या धड्यात बसतच नाही.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची महत्ता ६.२ होती. भूपट्टाची हिमालयातली कड तिथून हजार किलोमीटरहून दूर आहे. मग 'भूपट्टांच्या कडा एकमेकींवर घासल्याने भूकंप होतात' हे वाक्य पुरे कसे पडावे?

खरे तर पुढचा विचार अवघड नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. हा रेटा फक्त कडेवरच राहत नाही. पट्टाच्या पोटातल्या खडकांनाही तो सोसावा लागतो. तिथे जुना कमकुवत भाग असला, की खडक अतिशय सावकाश वाकत राहतो. घर्षणाने तो धरलेला असतो तोवर सारे शांत. ताण घर्षणाला भारी पडला, की दोन बाजू क्षणात सरकतात आणि साठलेल्या ऊर्जेचा काही भाग लहरींच्या रूपाने बाहेर पडतो. किल्लारीत एक बाजू दुसरीवर चढली, तीही जमिनीखाली थोड्याच खोलीवर.

भ्रंशाची आकृती हा तर धड्याचा सर्वांत दुबळा भाग. पायरीसारखा तुटलेला डोंगर दाखवला, की मुलांना वाटते भ्रंश म्हणजे दिसणारी भेग. मग उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा ती भ्रंशात धरतात. त्या भेगा माती वाळून आकसल्याने पडतात. भूकंपाशी त्यांचा संबंध नाही. उलट किल्लारीजवळ भोक पाडून पाहिले तेव्हा बेसॉल्टचा थर सुमारे ३४० मीटर निघाला. त्याखाली फार जुना खडक. असल्या झाकणाखालचा भ्रंश आकृतीतल्या पायरीसारखा कसा दिसणार?

लहरींबाबत 'प्राथमिक लहरी जलद, दुय्यम लहरी मंद' एवढे सांगून धडा थांबतो. नेमकी इथेच गणिताची सुरेख संधी वाया जाते. किल्लारी ते जालना सरळ अंतर सुमारे २१० किलोमीटर. कवचात प्राथमिक लहरी सेकंदाला सहा किलोमीटर धरल्या तर ३५ सेकंदांत येतील; दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटर धरल्या तर ६० सेकंदांत. अंतर पडले २५ सेकंदांचे. आता उलटे करा: नोंदीवर दोन लहरींमध्ये जितके सेकंद, त्याला ८.४ ने गुणले की अंतर मिळते. तीन केंद्रांची तीन अंतरे, कंपासने तीन वर्तुळे, आणि ती जिथे मिळतात ते अपिकेंद्र. नववीच्या वर्गाला एवढे पुरे आहे. या लहरी नोंदींतून वेगळ्या ओळखणारा ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होता आणि १८९७ चा आसामचा भूकंप त्याने अभ्यासला होता, हेही धड्यांना सहसा आठवत नाही.

महत्ता आणि तीव्रता यांचा घोळ वर्तमानपत्रांनी घातला, पाठ्यपुस्तकांनी तो निस्तरला नाही. ६.२ हा आकडा किल्लारीलाही तोच आणि जालन्यालाही तोच. हादरा मात्र दोन्हीकडे सारखा नव्हता. महत्तेत एकाची वाढ म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट. पण मृत्यूंचा हिशेब या आकड्यात नसतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप साधारण याच महत्तेचा, वेळही पहाटेचीच. मृत्यू दोनशेच्या आसपास. वस्ती किती दाट होती आणि घरे कशाची होती, हे विचारावेच लागते. किल्लारीची घरे जाड दगडी भिंतींची, मातीत रचलेली, वर मातीचे जड माळवद. पण 'मैदानात जा' सांगणारा धडा भिंतीबद्दल अवाक्षर काढत नाही. जालन्यात तर सळयांचे कारखाने आहेत. सळई तुटण्याआधी वाकते, मातीतली भिंत वाकत नाही, एवढे तरी मुलांना दाखवता यावे.

नकाशाचेही तसेच. १९९३ मध्ये किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ च्या सुधारणेत तो विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. नकाशा बदलतो, का बदलतो, हे धड्यात यायला हवे.

आणि उदाहरण जुने वाटत असेल तर २१ मार्च २०२४ चे घ्या. हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास महत्तेचा भूकंप झाला. जालन्यापासून सरळ अंतर साधारण १५० किलोमीटर. दोन लहरींमधले सेकंद मुलांनाच काढू द्यावेत. उत्तर अठराच्या जवळ यायला हवे.