हौशी नाटक आणि तिकिटाचा दर

हौशी मंडळींच्या नाट्यप्रयोगाची तिकिटे खपतात ती बहुधा भिडेखातर. नटांचे आप्त, चिटणिसांचे शेजारी व कचेरीतील सहकारी यांच्यापलीकडे तिऱ्हाईत प्रेक्षक सहसा फिरकत नाही. यावर दर उतरवावा, प्रसंगी फुकट पास वाटावे, असा उपाय सुचविला जातो. आम्हांस तो मान्य नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस नाटक केले ते राजाश्रयाने; १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावले, तेव्हा मराठी नाटक लोकाश्रयास आले. १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’चे भारी दरही रसिकांनी आनंदाने दिले. हौशी मंडळींजवळ बालगंधर्व वा केशवराव भोसले नाहीत हे खरे; परंतु १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेत दर नाममात्र असूनही पुष्कळ प्रयोगांना खुर्च्या रिकाम्याच राहतात, हेही तितकेच खरे. सारांश, नुसती स्वस्ताई प्रेक्षक आणीत नाही. प्रयोगाची कीर्ती आणते. म्हणून मागच्या रांगा विद्यार्थ्यांस अल्प दरात द्याव्या, पास अजिबात बंद करावे आणि तालमी वाढवाव्या. भिडेने घेतलेली कितीतरी तिकिटे खिशात ठेवून आम्हीही घरीच बसलो आहोत. त्या पैशांनी मंडळाची तूट भरली असेल; नाटकास प्रेक्षक मात्र मिळाला नाही.