‘स्थानिक शासनाने उपाय करावेत’, पण म्हणजे कोणी?

टॅरिफवरची रिसर्च प्रपोजल्स वाचताना शेवटच्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं: ‘स्थानिक शासनाने निर्यातदारांना साहाय्य करावे.’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे. प्रयोगाच्या कृतीत ‘योग्य तापमानाला तापवा’ एवढंच लिहिलं तर गाइड वही परत देतात. किती अंश, किती वेळ? इथेही तसंच विचारायला हवं: कुठलं शासन, कुठला अधिकार, कुठला पैसा?

आपल्या कोल्हापूरचं फाउंड्री क्षेत्र घ्या. मंगळवार पेठेजवळचं शिवाजी उद्यमनगर महापालिका हद्दीत येतं. पण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर आहेत. तिथले रस्ते, पाणी एमआयडीसी बघते. म्हणजे ‘महापालिकेने घरफाळ्यात सवलत द्यावी’ ही शिफारस तिथल्या कारखान्यांना लागूच होत नाही. हद्दवाढीचा वाद माहीत नसेल तर ही गोष्ट नजरेतून सुटते.

आता अधिकार बघा. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क केंद्राकडे. औद्योगिक वीजदर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर पालिकांच्या हाती मुख्यतः घरफाळा, पाणीपट्टी आणि परवाना शुल्क उरलं.

दुसरी ढिलाई आकड्यात. ‘फाउंड्रीवर 50 टक्के टॅरिफ’ असं सर्रास लिहिलं जातं. पण अमेरिकेचं शुल्क उद्योगावर नसतं, मालाच्या एचएस कोडवर असतं. ऑगस्ट 2025 अखेरीस कारच्या ठरावीक सुट्या भागांवर 25 टक्के होतं, तर त्या यादीबाहेरच्या लोखंडी मालावर साधारण 50. एकाच भट्टीतून निघालेल्या दोन कास्टिंगचं नशीब वेगळं! दर बदलत राहतात, म्हणून तारीख आणि कोड लिहायलाच हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅटर्न बनवणारे, मशिनिंगचं जॉबवर्क करणारे छोटे कारखानदार स्वतः निर्यात करत नाहीत, त्यामुळे निर्यातीच्या आकडेवारीत ते दिसतच नाहीत. ऑर्डर घटल्यावर फाउंड्रीने बाहेर दिलेलं काम आत घेतलं, तर पहिला हात रिकामा होतो तो यांच्या कामगारांचा. आणि ‘निर्यातदारांना मदत’ यांच्यापर्यंत पोचत नाही. उद्यमनगरातले असे कारखाने मात्र महापालिकेच्या हद्दीत आहेत. तेव्हा पालिकेने काय करावं हा प्रश्न इथे विचारा, तो खरा ठरतो.

निर्यातदारांबाबतचा प्रश्न जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीला आणि जिल्हा उद्योग केंद्राला विचारा.

कोणी म्हणेल, एवढा तपशील धोरणकर्ते बघतील. पण शिफारशीत कार्यालयाचं नाव नसेल, तर ती पाळली नाही म्हणून जाब कोणाला विचारणार? प्रपोजल देण्याआधी प्रत्येक शिफारशीपुढे चार रकाने आखा: कार्यालय, अधिकार, पैसा, लाभार्थी. एक जरी रिकामा राहिला, तर तिथूनच तुमचं फील्डवर्क सुरू करा.