‘सुरक्षित’ या विशेषणाची मर्यादा : पडद्यावरील यादी आणि पार्श्वभूमीतील थ्रेड

संगणकाच्या परिभाषेत ‘थ्रेड-सेफ’ हे विशेषण आज सर्रास योजले जाते. एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्यांना थ्रेड म्हणतात. आणि अनेक थ्रेडनी एकदम हाताळली तरी जी वस्तू बिघडत नाही, ती थ्रेड-सेफ होय. साध्या आकड्याच्या बाबतीत हा अर्थ पुरतो. परंतु पडद्यावर दिसणाऱ्या यादीस हेच विशेषण लावले की ते अपुरे पडते, आणि या अपुरेपणातून प्रत्यक्ष दोष संभवतात.

मायक्रोसॉफ्टची डब्ल्यूपीएफ ही प्रणाली २००६ साली प्रसृत झाली. तीतील ऑब्झर्वेबल-कलेक्शन ही यादी आपल्यात झालेला प्रत्येक बदल पडद्यास कळविते : अमुक क्रमांकावर नोंद आली, अमुक क्रमांकाची गेली. भाषिक दृष्टीने ही सूचना म्हणजे एक विधान आहे आणि त्यातील क्रमांक हा दर्शक शब्द आहे. ‘हा’, ‘तो’, ‘पलीकडचा’ यांप्रमाणेच, वक्ता व श्रोता यांच्यासमोर एकच परिस्थिती असेल तरच त्याचा अर्थ निश्चित होतो. सभागृहातील तिसरी खुर्ची उचलण्याचा निरोप धाडला आणि तो पोहोचण्यापूर्वी कोणी पहिली खुर्ची नेली, तर सांगणारा व ऐकणारा यांपैकी कोणीही न चुकता भलतीच खुर्ची उचलली जाते.

पार्श्वभूमीतील थ्रेडने अशी पडद्यास जोडलेली यादी बदलली, तर डब्ल्यूपीएफ काम थांबवून बजावते की, डिस्पॅचरच्या थ्रेडखेरीज अन्य थ्रेडवरून हा बदल चालणार नाही. अँड्रॉइडमधील ताकीदही याच घाटाची आहे : ज्या थ्रेडने पडद्यावरील घटक निर्माण केले, त्यानेच त्यांना स्पर्श करावा. दोन्ही ताकिदींत बोलण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच सांगितले आहे. निषेधाचे कारण सांगितलेले नाही. साहजिकच प्रोग्रामर अधिकाराचीच तेवढी व्यवस्था लावतो. यादी पार्श्वभूमीतच बदलू देतो आणि बदलाची सूचना मात्र मुख्य थ्रेडकडे धाडतो. ताकीद थांबते, दोष राहतो. बिगिन-इन्व्होकने धाडलेली सूचना रांगेत उभी असताना यादी आणखी बदललेली असते. इन्व्होकने सूचना पोहोचेपर्यंत थांबावे, तर पार्श्वभूमीने धरलेले लॉक मुख्य थ्रेडलाही हवे असल्यास दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे खोळंबतात.

यानंतर कित्येकदा दुसराच संदेश उमटतो : आयटम्स-कंट्रोल आणि त्याची मूळ यादी यांत विसंगती आहे. अँड्रॉइडवर २०१४ साली आलेल्या रीसायक्लर-व्ह्यूचा अशा प्रसंगीचा संदेशही विसंगती आढळल्याचेच सांगतो. पहिला संदेश ‘कोणी’ याविषयी बोलतो. दुसरा, सूचना खरी आहे की नाही, याविषयी. मूळ प्रश्न दुसऱ्याचा आहे. पण तो पडद्यावर उशिरा येतो आणि दोष जेथे उपजला तेथून दूर उमटतो.

२०१२ साली डॉटनेट ४.५ मध्ये इनेबल-कलेक्शन-सिंक्रोनायझेशन ही सोय आली. तिचे वर्णन सामान्यतः ‘लॉक देणारी सोय’ असे केले जाते, ते अर्धवट आहे. लॉकमुळे बदल आणि त्याची सूचना या दोन क्रियांमध्ये दुसरा थ्रेड शिरत नाही, हे खरे. आणि तेच लॉक यादी वाचताना-बदलताना सर्वत्र पाळावे लागते. पण खरे इंगित पुढे आहे. पडद्याच्या बाजूने यादीची एक वेगळी प्रत राखली जाते आणि साचलेल्या सूचना मूळ क्रमानेच तिच्यावर लागू होतात. प्रत्येक सूचना ज्या स्थितीविषयी बोलते, त्याच स्थितीसमोर ती वाचली जाते.

अँड्रॉइडमध्ये २०१६ साली आलेल्या डिफ-युटिलची वाट निराळी, परंतु तत्त्व तेच आहे. जुनी व नवी अशा दोन पूर्ण याद्यांतील फरक पार्श्वभूमीत काढावा आणि नवी यादी व तो फरक मुख्य थ्रेडवर एकत्रच स्वीकारावा. गणना चालू असता दोन्ही याद्या स्थिर राहिल्या पाहिजेत, ही अट मोडली तर तेथेही विसंगती अटळ आहे.

यावर असा आक्षेप येईल की, ‘यादी मुख्य थ्रेडवरच बदला’ हा नियम शिकविण्यास सोपा आहे, आणि प्रत राखण्यास स्मृती व वेळ खर्ची पडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लहान यादीस तो नियम पुरेसा आहे. किंबहुना यादी व सूचना दोन्ही एकाच थ्रेडवर राहिल्याने तो नियम विसंगतीचे मूळच छेदतो. मात्र त्याचे सामर्थ्य नेमके यातच आहे, हे त्याच्या शब्दांतून कळत नाही. म्हणून तो अर्धाच पाळला जातो. या संदर्भात मराठीत ‘सुरक्षित यादी’ असा प्रतिशब्द रूढ करण्याऐवजी ‘सुसंगत यादी’ म्हणणे अधिक अन्वर्थक ठरेल. ‘सुरक्षित’ म्हटले की लॉक कोठे लावावे, असा प्रश्न सुचतो. ‘सुसंगत’ म्हटले की ही सूचना कोणत्या क्षणाच्या यादीविषयी आहे, असा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी विचारावयाचा प्रश्न दुसराच आहे.