ठेला : लोटण्याचा की थांबण्याचा?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बर्डीच्या मुख्य रस्त्याने चालून बघा. वीस पावलांत चार जण आडवे येतात. एक जण टॉवेल उलगडून थेट आपल्या खांद्यावर टाकतो, दुसरा 'देखून त घ्या नं भाऊ' म्हणत रस्ता ओलांडेपर्यंत सोबत येतो. अशा माणसाला मराठीत नेमके काय म्हणावे, एवढाच माझा मूळ प्रश्न होता. शोधता शोधता असे दिसले की त्याच्यासाठी मराठीने वेगळे नाव घडवलेलेच नाही.

'गळेपडू' आहे, 'लोचट' आहे. पण गळेपडू पाहुणाही असतो आणि लोचट कार्यकर्ताही. विकण्यातली बळजबरी मराठीने क्रियापदांत ठेवली : गळ्यात मारणे, माथी मारणे, गळी उतरवणे. तिन्हींत गिऱ्हाइकाचे शरीर आहे, विकणाऱ्याचा धंदा किंवा जागा कुठेच नाही. त्यामुळे विमा, फ्लॅट, शालू, सारे काही गळ्यात मारता येते, आणि ते बहुधा थंड हवेच्या दुकानात बसवून, चहा पाजून मारले जाते. भाषेने हा दोष रस्त्याच्या नावे लिहिला नाही, हे मला तिचे शहाणपण वाटते.

रस्त्यावरच्या माणसाची नावे पडली ती दुसऱ्याच गोष्टींवरून. हिंडतो तो फेरीवाला, पथारी पसरतो तो पथारीवाला, गाडी लोटतो तो हातगाडीवाला. इंग्रजीतून आलेला 'हॉकर' ससाण्याशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. झडप घालणारा म्हणून ते शोभतेही. पण ही व्युत्पत्ती खोटी आहे. तो शब्द जर्मन कुळातल्या किरकोळ विक्रेत्याच्या नावावरून आला. पक्ष्याचा 'हॉक' निराळा.

आणि आमचा नागपुरी शब्द म्हणजे ठेला. पुण्यामुंबईकडे पानाची टपरी किंवा गादी, नागपुरात पानठेला. हिंदीत 'ठेलना' म्हणजे लोटणे. जे लोटत न्यायचे ते ठेला. १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा जोडप्रांताची राजधानी असलेल्या शहरात हा शब्द रुळला, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीच्या भाषेत, 'ठेला' म्हणजे राहिला, थांबला, स्थिर झाला. एकाच उच्चाराचे दोन शब्द, दोन्हींचे अर्थ जवळजवळ उलटे. पहिल्यातून दुसरा आला असे मी म्हणत नाही. नागपुरी ठेला हिंदीच आहे. पण इथे येऊन तो जगू लागला मात्र जुन्या मराठी अर्थाने. पानठेला कोण लोटतो? आमच्या कोपऱ्यावरच्या ठेल्याची चाके कधीच निघाली. त्याखाली विटा आहेत आणि वर पत्र्याची पडवी.

फेरीवाल्याचेही तेच झाले. फेरी थांबली, नाव राहिले. एरवी हा अर्थबदल शब्दकोशकारांनी नोंदवावा आणि पुढे जावे, इतकाच. पण शहरात या नावांवर पोट अवलंबून असते. 'फेरीवाला आहेस ना, मग फिर' हा युक्तिवाद व्युत्पत्तीचा आधार घेऊन माणसाला जागेवरून उठवतो. बर्डीच्या फेरीवाल्यांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्याच्या बातम्यांत मात्र विकणारा पुष्कळदा दिसतच नाही, दिसते ते 'अतिक्रमण'. 'अतिक्रमण हटवले' या वाक्यात माणूस कुठे आहे? टॉवेल विकणारा आणि नाल्यावर चढवलेला बंगला, दोघांना एकच शब्द. रस्ता अडतो, रुग्णवाहिका अडकते, हे खरेच आहे. पण ती तक्रार नीट मांडायलाही याहून नेमका शब्द लागतो.

पदपथावर विक्री करणे हा वाजवी निर्बंधांसह मूलभूत हक्कच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात म्हटले. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने 'पथविक्रेता' हे सरकारी नाव रूढ केले. शब्द स्वच्छ आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. पण भर बाजारात 'ओ पथविक्रेते' अशी हाक मारून बघा, कुणी वळणार नाही. त्या कायद्याची व्याख्या मात्र वाटते त्यापेक्षा उदार आहे. तीत फिरून विकणारा येतो तसा तात्पुरत्या बांधणीतून विकणाराही येतो, आणि या अर्थाचे स्थानिक, प्रादेशिक शब्दही तिने सामावून घेतले आहेत. प्रमाणपत्रही फिरत्या आणि स्थिर अशा दोन्ही विक्रेत्यांसाठी आहे. म्हणजे ठेला लोटला काय आणि ठेला काय, कायद्याला दोन्ही अर्थ चालतात.

आमच्याकडे पत्ता सांगताना अजूनही चौकाचे सरकारी नाव कुणी घेत नाही. 'पानठेल्यावरून उजवीकडे' म्हणतात, आणि माणूस बरोबर घरी पोचतो.